घराजवळची एकच जागा, पूर्ण वर्षभर: मुलांना निसर्गात शिकू देण्याची कृती

मुलांना निसर्गाजवळ न्यायचे असे ठरले की बहुतेक घरांत आणि शाळांत सर्वप्रथम सहलीचा विचार होतो. वर्षातून एकदा बस ठरते, डबे भरले जातात, धबधबा किंवा अभयारण्य पाहून मुले संध्याकाळी दमून परततात. त्या दिवसाचा आनंद खराच असतो. परंतु बारकाईने पाहणे, प्रश्न पडणे आणि मनातली कल्पना हाताने घडवणे या गोष्टी एका दिवसात रुजत नाहीत, कारण एकदाच पाहिलेल्या जागेत काय बदलले हे मुलाला कळायला काही मार्गच नसतो. म्हणून या लेखात एकच पद्धत सविस्तर मांडली आहे. घरापासून किंवा शाळेपासून चालत पाच-दहा मिनिटांवर असलेली एक जागा निवडावी आणि वर्षभर, दर आठवड्याला, मुलांबरोबर तिथेच जावे. साधारण ५ ते १२ वर्षांची मुले डोळ्यांसमोर ठेवून पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत.

महाराष्ट्रात या विचाराची मुळे जुनी आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले आणि पुढे ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेले. तिथल्या आदिवासी मुलांना गुरे राखायला जावे लागत असल्यामुळे ती शाळेत येऊ शकत नव्हती. तेव्हा शिकवणेच कुरणात गेले आणि ‘कुरणशाळा’ उभी राहिली. रोजच्या पायाखालची जागा हाच वर्ग होऊ शकतो, हे त्या कामाने दाखवून दिले. आज आपल्याकडे साधने त्याहून पुष्कळ अधिक आहेत. उणीव आहे ती ठरलेल्या वेळी त्याच जागी पुन्हा जाण्याची.

पहिली पायरी: जागा निवडणे

जागा सुंदर असण्याची गरज नाही. कातरलेली हिरवळ आणि कुंपण घातलेले ताटवे असलेली बाग या कामाला फारशी उपयोगी पडत नाही, कारण तिथे गळलेले पान दुसऱ्या दिवशी झाडून नेले जाते आणि मातीला हात लावला तर माळी रागावतो. आपल्याला हवे आहे एक मोठे झाड, थोडी उघडी माती, पावसाचे पाणी वाहून जाते असा एखादा उतार आणि पालापाचोळा साचणारा एक दुर्लक्षित कोपरा. सोसायटीच्या मागची पट्टी, शाळेच्या मैदानाची कड, देवळाचा पार, शेताचा बांध यांपैकी काहीही चालेल.

झाड निवडताना ते वर्षभरात किती रूपे बदलते याचा विचार करावा. पांगारा, काटेसावर आणि पळस हिवाळ्याच्या अखेरीस पाने गाळतात आणि उघड्या फांद्यांवर फुलतात. बहावा एप्रिल-मे महिन्यांत पिवळ्या घोसांनी लटकतो. पिंपळाची कोवळी पालवी तांबूस असते आणि पाहता पाहता हिरवी होते. याउलट, रस्त्याकडेचा उंच, सरळ वाढणारा खोटा अशोक मुलांच्या नजरेला बाराही महिने सारखाच दिसतो. जवळ उंबर असेल तर त्याला माझी पहिली पसंती राहील. दुर्मीळ भेटीला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. मुलाला खाली पडलेले कच्चे फळ उभे चिरून भिंगाने पाहायला द्यावे, म्हणजे उंबराची फुले फळाच्या आतच, शेकड्यांनी दाटलेली असतात हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. भाषेतला एक वाक्प्रचार आणि निसर्गातले एक वास्तव असे समोरासमोर आले की मूल दोन्हींकडे नव्याने पाहू लागते.

आजूबाजूला काहीच नसेल तर गॅलरीतून सुरुवात करावी. कढीपत्ता आणि लिंबू यांची एकेक कुंडी, मातीने भरलेले एक पसरट घमेले आणि पक्ष्यांसाठी पाण्याचे उथळ भांडे एवढ्यावर पुढील बहुतेक गोष्टी करता येतात.

मुलांना नेण्यापूर्वी मोठ्यांनी त्या जागी दोनदा, एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी, एकट्याने जाऊन यावे. फुटक्या काचा, उघडी विहीर, लोंबत्या तारा, झाडावरचे आग्या मोहोळ, दगडांचे न हललेले ढीग या गोष्टी तेव्हाच लक्षात येतात.

दुसरी पायरी: वेळ ठरवणे

आठवड्यातला एक ठरावीक वार आणि किमान ४५ मिनिटे राखून ठेवावीत. यापेक्षा कमी वेळ पुरत नाही, असे मुलांबरोबर हे काम करताना मला वारंवार जाणवले आहे. पहिली पंधरा मिनिटे मुले धावतात, काठ्या गोळा करतात, ‘आता काय करायचे?’ असे विचारत राहतात. मोठी माणसे नेमकी याच टप्प्यावर अस्वस्थ होतात आणि एखादा खेळ सुचवून मोकळी होतात. तो मोह टाळावा. कंटाळ्याच्या त्या काही मिनिटांनंतर मूल आपोआप एका जागी बसते, मुंग्यांच्या रांगेत काडी आडवी ठेवते किंवा मातीत आळे करू लागते, आणि तिथूनच खरे काम सुरू होते.

एप्रिल आणि मे महिन्यांत सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर जावे. पावसाळ्यात भेट रद्द करू नये. रेनकोट घालून जावे, कारण वर्षातले सर्वांत मोठे बदल त्याच चार महिन्यांत घडतात. मात्र ढगांचा गडगडाट ऐकू आला तर त्या दिवशी घरीच थांबावे आणि पावसात विजा चमकत असताना झाडाखाली आसरा घेऊ नये.

तिसरी पायरी: पहिला महिना काहीही न शिकवणे

ही पायरी सर्वांत अवघड आहे आणि बहुतेक जण हीच गाळतात. पहिल्या चार भेटींत मोठ्यांनी एकाही झाडाचे, पक्ष्याचे किंवा किड्याचे नाव स्वतःहून सांगू नये. नाव मिळाले की मुलाला विषय संपल्यासारखा वाटतो. ‘हा बुलबुल’ असे ऐकल्यावर ते मान हलवते आणि पुढे जाते. नाव न मिळालेल्या मुलाला मात्र त्या पक्ष्याच्या डोक्यावरचा तुरा, शेपटीखालचा लाल डाग आणि आवाज हे सगळे लक्षात ठेवावे लागते, कारण त्याच्याविषयी बोलायला दुसरे काही साधन नसते. मुलांना स्वतःची नावे ठेवू द्यावीत. ‘टोपीवाला’, ‘लालबुड्या’ अशी नावे काही आठवडे वापरून झाली की मग खरे नाव सांगावे. त्या वेळी ते नाव मुलाला आपल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून मिळते.

विचारायचेच असेल तर ‘हे काय आहे?’ असे परीक्षेसारखे विचारू नये. ‘मागच्या आठवड्यापेक्षा इथे काय वेगळे दिसते?’, ‘ही मुंगी कुठून आली असेल?’, ‘या पानाला भोके कोणी पाडली असतील?’ असे प्रश्न विचारावेत, ज्यांचे उत्तर आपल्यालाही ठाऊक नसते किंवा पाहिल्याशिवाय देता येत नाही. मूल चुकीचे उत्तर देईल तर लगेच दुरुस्त करू नये. ‘असे असेल तर पुढच्या आठवड्यात आपल्याला काय दिसायला हवे?’ एवढेच विचारावे. मोबाइलवरील ओळख सांगणारी ॲप उपयोगी आहेत, पण ती घरी गेल्यावर, मुलाचे स्वतःचे वर्णन लिहून झाल्यावर उघडावीत.

चौथी पायरी: वही

कोऱ्या पानांची, जाड पुठ्ठ्याची एक वही आणि शिसपेन्सिल पुरेशी आहे. वहीची एकच शिस्त पाळावी: दर आठवड्याची नोंद फक्त डाव्या पानावर करावी आणि उजवे पान कोरे सोडावे. ते पान पुढच्या वर्षीच्या त्याच आठवड्यासाठी राखून ठेवायचे आहे.

नोंदीत तारीख, वेळ, आकाश कसे आहे याचे एक वाक्य, एक चित्र आणि मुलाला वाटले तर एक प्रश्न असावा. लहान मुलांनी सांगावे आणि मोठ्यांनी त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. या वहीत शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दाखवू नयेत आणि चित्राला ‘छान’ किंवा ‘पान असे नसते’ असेही म्हणू नये. चित्र पाहण्यासाठी काढायचे असते. पानाच्या शिरा काढताना मुलाला पहिल्यांदा कळते की त्या समोरासमोर निघतात की आलटून-पालटून, आणि ते कळण्यासाठी चित्र देखणे असण्याची काहीच आवश्यकता नाही.

भाषेसाठी या वहीचा उपयोग फार मोठा आहे. पाऊस पडत असताना मुलांना फक्त ऐकायला सांगावे आणि त्या आवाजासाठी शब्द शोधायला लावावा. मुले प्रथम स्वतःचे शब्द घडवतात. त्यानंतर त्यांच्या पुढ्यात भुरभुर, रिमझिम, रिपरिप, सर, झड, वळीव हे आपले शब्द ठेवावेत आणि आजचा पाऊस यांतला कोणता, याची चर्चा करावी. भुरभुर आणि रिपरिप यांतला फरक शब्दकोशातून शिकवता येत नाही. तो अंगावर घ्यावा लागतो. उन्हाचेही तसेच आहे: कोवळे ऊन, रखरखीत ऊन आणि पानांतून येणारी तिरीप यांची ओळख त्याच झाडाखाली वेगवेगळ्या ऋतूंत बसल्यावर होते. निबंधात पाठ केलेली विशेषणे वापरणारे मूल असे काही महिने घालवल्यावर स्वतः पाहिलेले लिहू लागते.

पाचवी पायरी: प्रश्नातून शोध

महिना-दीड महिन्यानंतर मुलांचे प्रश्न साचू लागतात. त्यांपैकी ज्या प्रश्नाचे उत्तर त्याच जागी, साध्या साधनांनी शोधता येईल, असा एक प्रश्न निवडावा. एका वर्षात असे तीन किंवा चार शोध पुरेसे आहेत. अधिक घेतले तर ते प्रकल्पांचे ओझे होते. नमुन्यादाखल काही शोध देतो.

जूनच्या आरंभी, मृग नक्षत्राच्या सुमारास पहिला चांगला पाऊस झाला की ओल्या मातीवर मखमली लाल मृगाचा किडा दिसतो. मुलांना त्याचे पाय मोजायला सांगावे. ते आठ भरतात, आणि मुंगीचे किंवा भुंग्याचे मात्र सहाच. म्हणजे आपण ज्याला किडा म्हणतो तो कीटकच नाही, तर कोळ्याच्या नात्यातला प्राणी आहे, हे मुलाला केवळ मोजण्यातून कळते. तो हातावर घेतला तरी थोड्या वेळाने होता तिथेच सोडावा. डबीत भरून घरी आणू नये.

त्याच सुमारास पाऊस मोजायला सुरुवात करावी. सपाट बुडाचे आणि सरळ कडांचे कोणतेही भांडे उघड्यावर ठेवावे आणि रोज सकाळी ठरलेल्या वेळी, शक्यतो साडेआठला, पट्टी बुडवून पाणी मिलिमीटरमध्ये मोजावे. हवामान खात्याचा पावसाचा दिवसही सकाळी साडेआठपासूनच मोजला जातो, त्यामुळे वर्तमानपत्रातल्या आकड्याशी तुलना करता येते. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर १ लिटर पाणी होते. हे एकदा समजले की दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद गच्चीवर, म्हणजे सुमारे ९.३ चौरस मीटरवर, २० मिलिमीटर पावसात १८६ लिटर, अर्थात १५ लिटरच्या बारा बादल्यांहून थोडे अधिक पाणी पडते, असे गणित पाचवीतले मूल स्वतः मांडते. क्षेत्रफळ शिकवण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या कोवळ्या पानांवर फुलपाखराचे पिवळसर, मोहरीच्या दाण्याएवढे अंडे दिसले तर महिनाभराचा शोध आयता मिळाला असे समजावे. त्यातून निघणारी अळी आरंभी काळी-पांढरी, थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे पक्षी तिला सहसा खात नाहीत; मोठी झाल्यावर ती पानासारखी हिरवी होते आणि काडीने हलकेच स्पर्श केला तर डोक्यामागून उग्र वासाचे शिंग बाहेर काढते. पुढे ती रेशमाच्या धाग्याने स्वतःला फांदीला बांधून कोश करते. मुलांनी रोज तिची लांबी मोजावी, तिने किती पाने खाल्ली ते मोजावे आणि रंग लिहून ठेवावा. अळी बाटलीत बंद न करता झाडावरच राहू द्यावी. कधी पक्षी तिला उचलतो. कधी कोशातून फुलपाखराऐवजी परजीवी कीटक बाहेर पडतात. मुले हिरमुसतात, परंतु हे लपवू नये, कारण त्या दिवशी विचारलेले प्रश्न फुलपाखरू निघाल्याच्या दिवसापेक्षा अधिक खोल असतात.

मे महिन्यात सावलीचा शोध घ्यावा. जमिनीत एक काठी ओळंब्याने सरळ रोवावी आणि सकाळी अकरापासून दुपारी दीडपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करावी. हे काम टोपी घालून, मधल्या वेळात सावलीत बसून करावे आणि सूर्याकडे थेट पाहू नये, हे आधीच बजावावे. सर्वांत आखूड सावली पडते तो खरा मध्यान्ह. तो घड्याळातल्या बाराला येत नाही, कारण भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि दर अंशामागे ४ मिनिटांचा फरक पडतो. म्हणून नागपूरचा मध्यान्ह मुंबईच्या सुमारे २५ मिनिटे आधी होतो. मामाच्या गावी गेलेल्या मुलाने तिथून फोनवर आपली वेळ कळवली तर हा फरक दोन भावंडे मिळून शोधू शकतात. त्यातही शून्य सावलीचा दिवस, म्हणजे मध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येऊन काठीची सावली नाहीशी होते तो दिवस, चुकवू नये. गोव्यात तो मेच्या अगदी आरंभी, कोल्हापुरात पहिल्या आठवड्यात, पुण्या-मुंबईत महिन्याच्या मध्याला आणि नागपुरात २६ मेच्या आसपास येतो. जुलै-ऑगस्टमध्ये तो पुन्हा येतो, पण तेव्हा आकाश बहुधा ढगाळ असते.

सहावी पायरी: हाताने घडवणे, आणि दिवाळीचा किल्ला

सर्जनशीलतेसाठी मुलांना आकार न दिलेले साहित्य लागते. शेंगा, बिया, पिसे, साली, दगड, काटक्या यांचे एक कोठार खोक्यात करावे. नियम एकच: गळून पडलेले घ्यायचे, झाडावरचे तोडायचे नाही. या वस्तूंचे काय करायचे हे सांगू नये आणि नमुना करून दाखवू नये, कारण नमुना पाहिला की वीस मुले वीस सारखीच घुबडे करतात. रंगही घरचेच वापरता येतात. गोकर्णाच्या फुलांचे निळे पाणी लिंबू पिळल्यावर जांभळे होते. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, हे तर प्रत्येक आईने धुण्यात पाहिलेले असते. पळसाची गळलेली फुले उकळून केलेला केशरी रंग रंगपंचमीला पुरतो.

तथापि आपल्याकडे याहून मोठी एक परंपरा आहे आणि ती आपण हातची घालवत आहोत, याचे मला मनापासून वाईट वाटते. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणे हे भूगोल, इतिहास, स्थापत्य आणि शिल्प यांचे एकत्र शिक्षण आहे. प्लास्टरचा तयार किल्ला विकत आणला की त्यातले सगळे शिकणे दुकानातच राहते.

किल्ल्याचे काम दिवाळीच्या किमान बारा दिवस आधी सुरू करावे. प्रथम मुलांनी वहीतली पावसाळ्यातली पाने उघडावीत. उतारावरून पाणी कसे वाहत होते, कुठे साचत होते आणि कुठली माती वाहून गेली हे त्यांनी चार महिने पाहिलेले आहे, त्याच ज्ञानावर किल्ल्याचे टाके कुठे खोदायचे आणि तटाला पाणी जायला वाट कुठे ठेवायची हे ठरते. मग कागदावर आराखडा काढावा. खऱ्या किल्ल्याची नक्कल करायची असेल तर राजगड घ्यावा. बालेकिल्ल्याभोवती पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या असल्याने मुलांना आपापसांत काम वाटून घेता येते. दार कुठे करावे यावर वाद होऊ द्यावा. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड लपलेला का आहे, याचे उत्तर मुले स्वतःच्या किल्ल्यावर खेळण्यातला सैनिक चालवून शोधतात.

विटा, दगड आणि गोणपाट यांचा सांगाडा रचून त्यावर मातीचा लेप द्यावा. काळी माती वापरली तर ती वाळताना भेगाळते. तसे होऊ द्यावे आणि मग विचारावे की जुन्या घरांच्या मातीच्या भिंती का भेगाळत नव्हत्या. आजी-आजोबांकडून चिखलात भुसा किंवा बारीक गवत मिसळण्याची रीत कळली की दुसरा लेप मुलेच सुधारून देतात. शेवटी दिवाळीच्या पाच-सहा दिवस आधी हळीव पेरावा. भिजवल्यावर त्याला बुळबुळीत थर येतो आणि त्यामुळे तो उभ्या उतारालाही चिकटून राहतो. मोहरी मात्र तिथून घरंगळते. हा फरक सांगू नये, दोन्ही पेरायला द्यावे. मोठ्यांनी माती चाळून द्यावी, पाणी आणून द्यावे, आणि बुरूज वाकडा झाला तरी त्याला हात लावू नये.

काळजी कशाची घ्यावी

भीती घालू नये, पण काही नियम पक्के असावेत. मोठ्यांना विचारल्याशिवाय कोणतेही फळ किंवा बी तोंडात घालायची नाही. लाल-काळी सुंदर गुंज, एरंडाच्या बिया, कण्हेर आणि धोतरा हे सर्व विषारी आहेत. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. खाजकुइली आणि गाजर गवत ओळखायला शिकवावे. दगड उचलताना तो आपल्यापासून दूरच्या कडेने वर करावा, म्हणजे खालचा प्राणी समोरच्या बाजूने निघून जातो. पायांत बूट असावेत. साप दिसला तर थांबून मागे सरकावे. दंश झालाच तर आवळून बांधणे, कापणे, चोखणे यांपैकी काहीही करू नये, मुलाला स्थिर ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि थेट रुग्णालय गाठावे.

शाळेत करायचे असेल तर

चाळीस मुले आणि पस्तीस मिनिटांचा तास या मर्यादेत हे कसे करावे, असा प्रश्न शिक्षक रास्तपणे विचारतात. सहा-सहा मुलांचे गट करून प्रत्येक गटाला चार मीटर सुतळी द्यावी. तिचा एक मीटर बाजूचा चौकोन जमिनीवर आखून वर्षभर तोच गटाचा चौकोन राहील, असे ठरवावे. त्यात किती प्रकारची रोपे उगवली, कोणते किडे आले, किती जमीन उघडी राहिली, याची नोंद पंधरवड्यातून एकदा केली तरी तिसरी ते पाचवीच्या परिसर अभ्यासातले बरेच काही त्या चौकोनातच सापडते. दुसऱ्या गटाचा चौकोन वेगळा का, हा प्रश्न आपोआप निघतो. सीझनवॉच या उपक्रमात शाळा एखादे झाड नोंदवून त्याच्या पालवीची, फुलांची आणि फळांची आठवड्याची निरीक्षणे कळवू शकतात. देशभरातल्या नोंदींत आपल्या झाडाची नोंद गेल्याचे मुलांना फार अप्रूप असते. तासाची पहिली दहा मिनिटे गोंधळात जातील, हे गृहीत धरावे आणि त्यावरून पहिल्याच महिन्यात हा तास बंद करू नये.

वर्ष पूर्ण झाले की वही बदलू नये. त्याच आठवड्यात, त्याच जागी बसून मुलाने पहिले पान उघडावे, डावीकडची आपलीच एक वर्षापूर्वीची नोंद वाचावी, झाडाकडे पाहावे आणि मग उजव्या कोऱ्या पानावर तारीख घालावी.